अण्णांनी न दिलेला शेरा

"ठेव! ठेव ते खाली! अरे ए, ठेव म्हणतो ना!"

बनशंकरीतल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये, पडद्याच्या अगदी पुढ्यात उभे राहून दिगंबरअण्णा ओरडत होते. पडद्यावर एक इंग्रज म्हातारा लोखंडी गज उगारून उभा, त्याच्या पायाशी एक गुंड रक्तबंबाळ पडलेला, आणि आमचे सभासद, ज्यांना एरवी जिना चढताना दोनदा टेकावं लागतं, ते तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत होते. गज खाली आला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेजारच्या देवळातली घंटा आपोआप वाजली. (घंटा मी मागाहून घातली आहे, पण कडकडाट खरा.) अण्णा मात्र तसेच उभे होते. हात पुढे केलेला, जणू तो गज ते वरच्या वर धरणार होते...

गेल्या महिन्यात अण्णा गेले. दुपारी जेवून पडले, ते संध्याकाळच्या कॉफीला उठलेच नाहीत. त्यांच्या मुलीचा, वैशालीचा, फोन आला. "काका, बाबा गेले." येलहंक्यापर्यंतच्या एका रिक्षाप्रवासावर तासभर बोलू शकणारा मी, "हो का" म्हणालो आणि चपला शोधू लागलो. आणि कानात ते ओरडणं आलं. कारण अण्णांना मी आयुष्यात ओरडताना ऐकलं ते त्या एकाच दिवशी. एरवी त्यांचा आवाज इतका बारीक की डासाला वाटावं, कोणी नातेवाईक आलाय.

अण्णांचा जन्म इथलाच, कानडी मुलखातला. मराठी बोलताना मध्येच कानडी "सरी, सरी" (म्हणजे बरं, बरं) म्हणायचे आणि पुण्याहून आलेल्या नव्या मंडळींना वाटायचं, हे माफी का मागतायत? सगळी नोकरी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, वॉल्व्ह तपासण्यात गेली. वॉल्व्हमध्ये पाणी दाबून भरायचं आणि कुठे थेंब येतोय का ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर हीच नजर त्यांनी सिनेमाकडे वळवली. आमच्या फिल्म मंडळीचा नियम असा, की पिक्चर संपल्यावर प्रत्येकाने एक तरी वाक्य मत द्यायचं, त्याशिवाय कॉफी नाही. शेवटचं मत अण्णांचं. जगभर वाखाणलेला पिक्चर असो, अण्णा उठायचे आणि म्हणायचे, "मध्यंतरानंतर गळतोय." झालं! त्यांच्या एका शेऱ्यामुळे एक निर्माता धंदा सोडून डाळिंबाच्या बागेत गेला, अशी वदंता आहे. ती मीच पसरवली.

तर तो इंग्रजी पिक्चर. निवडला आम्ही पोस्टर बघून. पोस्टरवर छत्री घेतलेला म्हातारा, ओला रस्ता, मागे चहाचं दुकान. समितीने एकमताने ठरवलं की विलायती, सौम्य, कौटुंबिक. विलायतेत छत्री घेतलेला माणूस वाईट वागूच शकत नाही, ही आमच्या पिढीची श्रद्धा. शालिनीताईंनी तर चकल्या करून आणल्या होत्या. पिक्चर सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला वस्तीतल्या गुंडांनी त्या म्हाताऱ्याच्या बायकोला मारून टाकलं. पोलिसांनी खांदे उडवले. म्हाताऱ्याने छत्री ठेवली, गज उचलला. अंधारात चकल्यांचा आवाज बंद झाला... कारण अण्णांच्या बायकोला, कुसुमवहिनींना, वर्षभरापूर्वी एका पाण्याच्या टँकरने उडवलं होतं. भाजी घेऊन परत येताना, घराच्या कोपऱ्यावर. जागीच गेल्या. चालक जामिनावर सुटला, खटला रेंगाळला आणि तोच माणूस त्याच रस्त्यावरून टँकर घेऊन फिरू लागला. हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पिक्चर बंद करावा, असं माझ्याही मनात आलं. पण बंद केला तर का केला हे सगळ्यांना कळणार, म्हणून नाही केला.

दिवे लागले. वर्तमानपत्रांतले समीक्षक त्या पिक्चरवरून आधीच भांडत होते. कोणी त्याला निर्भीड म्हटलं होतं, कोणी मारझोडीची भलामण. आमच्या हॉलमध्ये मात्र फूट नव्हती. आयटीतला कौस्तुभ म्हणाला, "कसला रॉ पिक्चर आहे! एकदम भारी." शालिनीताई म्हणाल्या, "रक्त फार होतं बाई. पण म्हाताऱ्याचं काही चुकलं नाही." रिटायर्ड मॅनेजर जोगळेकर म्हणाले, "मी असतो तर पहिल्यालाच उडवला असता." जोगळेकर झुरळाला घाबरून खुर्चीवर चढतात, पण ते असो. मग पाळी अण्णांची.

अण्णा उठले. काही बोललेच नाहीत.

"अण्णा, गळतोय का नाही ते तरी सांगा," कौस्तुभ हसत म्हणाला. मग न राहवून पुढे बोलून गेला, "खरं तर टाळ्या तुम्हीच सगळ्यात जास्त वाजवायला पाहिजे होत्या. तुम्ही का ओरडलात?"

अण्णांनी चपला घातल्या आणि निघाले. मंडळीच्या इतिहासात कॉफी न घेता गेलेला पहिला माणूस. मी मागे धावलो. धावलो म्हणजे माझ्या आकारमानाला जे जमतं ते केलं. त्यांना घरापर्यंत पोचवलं, आणि वाटेत ते जे बोलले ते मी आजवर कुठेही सांगितलं नव्हतं. मी! ज्याच्या पोटात साबुदाण्याची खिचडीही टिकत नाही!

तेराव्यानंतर वैशालीने घर आवरायला बोलावलं. दारामागच्या खिळ्याला अण्णांची कापडी पिशवी अजून होती. तिने ती उतरवली तर हात खाली गेला. आत एक भला थोरला पाना. कारखान्यातला, वजनदार, एखाद्याच्या डोक्यात घातला तर दुसऱ्यांदा घालावा लागू नये असा.

"काका, बाबा हा पिशवीत घेऊन कुठे जायचे?"

मग मी तिला सांगितलं. पहिल्यांदाच पदरचं काही न घालता.

कुसुमवहिनी गेल्यानंतर तो पाना घेऊन अण्णा रोज सकाळी जिथे टँकर भरतात त्या बोअरवेलपाशी जाऊन उभे राहायचे. तो चालक त्यांना ओळखत नव्हता. कोर्टात त्याने मान वर करून कोणाकडे पाहिलंच नव्हतं. अण्णा मात्र त्याला ओळखत होते. रोज ठरवायचे, आज. एके दिवशी तिथे दुसरं कोणी नव्हतं. चालक पाठमोरा वाकलेला, टँकरच्या नळाशी झटत होता. अण्णांनी पाना पिशवीतून काढला, वर उचलला. एवढ्यात तो मागे न बघताच म्हणाला, "ताता, स्वल्प हिडकोळ्ळी." आजोबा, जरा धरता का...

हे सांगताना अण्णा थांबले होते. बनशंकरीच्या त्या गल्लीत मीही थांबलो होतो. माझा हात त्यांच्या दंडावर होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," अण्णा म्हणाले, "वॉल्व्ह गळत होता. आवळला."