मागेल त्याला गुळवेल

हे हॉस्पिटलात होते तेव्हा मी गणपतीपुढे नवस बोलले होते, "हे चालत घरी येऊ देत. गॅलरीत गुळवेल लावीन आणि मागेल त्याला कांडी देईन. कुणालाही नाही म्हणणार नाही." हे चालत आले, वेल लावली. डॉक्टरांनी मात्र तंबी दिली, विचारल्याशिवाय काढा घ्यायचा नाही. त्यामुळे आमच्याकडे वेल नुसती वाढते आणि तिच्याबरोबर किस्सेही. भिशीला दुसरा विषयच लागत नाही!

*

पहिली कांडी शेजारच्या साळुंखेवहिनींनी नेली. महिना झाला तरी फुटेना.

"पाणी घालता ना?"

"रोज! वर स्तोत्रही म्हणते."

जाऊन पाहिलं, तर कांडी उलटी खोचलेली, शेंडा मातीत! आमचे हे दारातूनच म्हणाले, "शीर्षासनसुद्धा डॉक्टरांना विचारून करावं!"

*

वरच्या मजल्यावरची सायली हिंजवडीला नोकरीला. मैत्रिणीसाठी कांडी नेली आणि लॅपटॉपच्या बॅगेतच विसरली. आठवड्यानं धावत आली.

"काकू, हिला पान फुटलंय! माती नाही, पाणी नाही!"

"अगं, चिवट असते ती."

"तरी पण, कंपनीच्या बसमध्ये? तिथे आम्ही सुकतो!"

*

खालच्या मजल्यावर लेलेकाका एकटेच राहतात. गुळवेलीला वरून सुतासारखी मुळं सुटतात, ती ग्रिलमधून थेट त्यांच्या गॅलरीत लोंबतात. एकदा बेल वाजली.

"वहिनी, आपले दोरे आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत येतात. मी कात्री लावतो."

"लावा. एखादी कांडी देऊ का, काका?"

"मी मागितली का?"

तेव्हापासून दर रविवारी खालून कात्रीचा आवाज. अख्ख्या बिल्डिंगीत न मागणारा हा एकच माणूस!

*

यंदा बिल्डिंगचं रंगकाम काढलं तेव्हा आम्ही लेकीकडे होतो. परत आलो तर कुंडीत वाळका खुंट. रंगाऱ्यांनी कुंडी सरकवताना वेल बुंध्याशी कापली होती, त्याला महिना झालेला! वरची वेल रंगकामाच्या हिरव्या जाळीआड ग्रिलला अडकलेली. म्हटलं, वाळून कोळ झाली असणार.

त्याच संध्याकाळी विश्रांतवाडीच्या माझ्या मैत्रिणीचा, कांबळेबाईचा फोन.

"नव्या घरात रविवारी बुद्धवंदना ठेवलीय. तुझ्या गुळवेलीची कांडी लावायचीय, बरं का!"

समोर हे पेपर वाचत बसलेले. ह्यांच्यासाठी बोललेला नवस माझ्याच तोंडून मोडायचा? म्हटलं, "ये गं, घेऊन जा." आणि देवापुढे दिवा लावला.

शनिवारी जाळी उतरली. ग्रिलभर हिरवीगार पानं! बुंधा नाही आणि वेल जिवंत. पाहिलं तर एकच मूळ, पेन्सिलीएवढं जाड झालेलं, खाली गेलेलं. मी जिना उतरले.

लेलेकाकांच्या गॅलरीत रंगाचा रिकामा डबा, काठोकाठ मातीनं भरलेला. मूळ त्यात.

"काका, हे...?"

"कात्री सापडत नव्हती."

कात्री त्यांच्या मागेच खिळ्याला लटकत होती.

रविवारी कांबळेबाई कांडी घेऊन गेली. तुम्हीही एक लावा, मागेल त्याला द्या. आणि वरून कुणाचा दोरा तुमच्या गॅलरीत उतरलाच, तर तुमचीही कात्री सापडू देऊ नका.