पिचरची दोन रिकामी वर्षं

कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळायचे. पिचर होते, म्हणजे चेंडू टाकणारी. नव्वदच्या दशकातलं नाशिक, "मऊ चेंडूचं क्रिकेट का गं हे?" असं विचारणारेच जास्त. माझा चेंडू वेगवान होता, पण नुसताच वेगवान. दोन-तीन चेंडू पाहिले की समोरच्या मुलींना अंदाज यायचा आणि त्या टोलवायला लागायच्या.

बाबा ओझरच्या विमान कारखान्यात होते. त्यांना जुन्या इंग्रजी मासिकांचा नाद. देवळाली कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानातून ती गठ्ठ्याने घरी यायची. त्यातल्या एकात मला तो भेटला: पन्नासच्या दशकातला एक अमेरिकन बेसबॉल पिचर, मोठ्या कानांचा, हसू दाबून धरलेला. लेख त्याच्या संथ चेंडूवर होता. हात नेहमीसारखाच जोरात फिरायचा, त्यामुळे बॅटर घाईने बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि चेंडू मागाहून रमतगमत यायचा. पकडीचा फोटोही होता. चेंडू बोटांच्या टोकांवर नव्हता, तळव्यात खोल रुतवलेला होता.

"बाबा, हा वरून फेकतो. आम्हाला खालून टाकावा लागतो. मग जमेल का?"

"मला विमानाचं विचार," बाबा म्हणाले. "टाकून बघ ना."

आमच्या क्रीडाशिक्षिका, बाई, आधी तयार नव्हत्या. "आहे तो वेग घालवून बसशील." पण मासिक त्यांनी आठवडाभर स्वतःकडे ठेवलं, आणि परत देताना म्हणाल्या, "मनगट ताठ ठेव. त्याचं बघ कसं आहे."

तीन महिने गेले. मग एका सामन्यात सटाण्याकडच्या दणकट मुलीने इतक्या लवकर बॅट फिरवली की ती स्वतःभोवतीच गरगरली. नंतर आरामात पोहोचलेल्या चेंडूकडे बघून अहिराणीत म्हणाली, "हाई काय शे?" मला हसू आवरेना.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, खेळ सुटला. गंगापूर रोडला सायबर कॅफे निघाले तेव्हा एक दिवस सहज त्या पिचरचं नाव टाइप केलं. एक तक्ता उघडला: कुठल्या वर्षी कुठल्या संघात, किती सामने. मोठ्या संघात तो जेमतेम टिकला होता. पण मधली दोन वर्षं रिकामी होती, आणि माझ्याकडचा लेख त्यानंतरचा होता. युद्धावर गेला होता? आजारी होता? कुणाशी भांडला? ती दोन वर्षं काही डोक्यातून जाईनात. शेवटी त्याच्या गावच्या वाचनालयाला ईमेल केला.

वाचनालयाने तो पुढे पाठवला असावा, कारण दीड महिन्याने उत्तर आलं ते त्याच्या मुलीचं. वडील वारले होते. त्या वर्षांचं तिलाही काही माहीत नव्हतं, म्हणून तिने म्हाताऱ्या आत्याला विचारलं होतं.

आत्या म्हणाली, तेव्हा त्याचा खांदा गेला होता. संघाने घरी पाठवलं. तो धान्याच्या गोदामात कामाला लागला. दुखणं कमी झालं, पण पहिला वेग काही परत येईना. मग उरलेला वेगच जास्त वाटावा म्हणून तो एक संथ चेंडू शोधत बसला. रोज दुपारी आत्याच्या हातात बॅट द्यायचा. ती चुकली की चिडायची, आणि तो खूश व्हायचा.

लेखात यातलं अक्षरही नव्हतं. तिथे ती त्याची निव्वळ हुशारी होती, आणि मीही ती तशीच उचलली होती. काही दुखत नसताना मी कॅफेत बसून उजवा खांदा चोळत राहिले.

पत्राची प्रिंट घेऊन बाईंकडे गेले. त्या आता निवृत्त झाल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं.

"परत खेळायला लागल्यावर दुखायचा का गं त्याचा खांदा?"

"तसं काही लिहिलेलं नाही, बाई."

"मग विचार की. आत्याबाई आहेत तोवर विचारून घे."