सासूबाईंची निवळी

माझ्या सासूबाई, गिरिजाबाई, चांद्याहून आमच्याकडे जयपूरला आल्या तेव्हा ट्रंकेत लुगडी कमी आणि निवळीच्या बियांचं गाठोडंच मोठं होतं. निवळीची बी सहाणेवर उगाळून गढूळ पाण्यात ढवळली की गाळाचे कण एकमेकांना धरतात आणि तळाशी बसतात. जवाहर नगरच्या आमच्या नळाला स्वच्छ पाणी येई, तरी त्या रोज उगाळत. माझे यजमान उमाकांत यांची धाकटी बहीण तारामती लहानपणी पुराचं पाणी पिऊन जुलाबांनी गेली होती. तेव्हापासून आपला हात लागल्याशिवाय घरात कुणी पाणी प्यायचं नाही, हा सासूबाईंचा धर्मच झाला होता. मला सकाळच्या घाईत त्या सोहळ्याचा वैताग यायचा. सासूपुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून मी भांडी आपटायची.

उमाकांत केंद्र सरकारच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. १९८६ च्या पावसाळ्यानंतर त्यांच्याकडे एक हातपंपाचं यंत्र आलं. त्यात कागदासारखा पातळ पडदा होता. दाबाने पाणी पलीकडे जायचं, गाळ आणि जंतू अलीकडे राहायचे. यंत्र जमलं तर ते जवळच्या एका गावाला मिळणार होतं, जिथे माणसं आणि म्हशी एकाच तळ्यावर तहान भागवत. साध्या बाईला ते घरी चालवता येतं का हे पाहायला उमाकांत तळ्याच्या पाण्याचे डबे घरी घेऊन आले. ती साधी बाई म्हणजे मी.

प्रयोगशाळेत चिमूटभर तुरटी घातलेलं हेच पाणी सुरळीत गाळलं जाई. घरी मात्र तेवढीच तुरटी घालूनही थोड्या वेळात पंप जड व्हायचा, आणि पडदा काढून पाहावा तर त्यावर बुळबुळीत थर. खापर अर्थातच माझ्यावर फुटलं.

"तू घाई करतेस," उमाकांत म्हणाले.

"मग तुम्हीच मारा पंप."

त्यांनी मारला, आणि त्यांचाही अडकला. मला फार बरं वाटलं. पण त्यांचा चेहरा उतरला होता. पडदा घरात टिकत नाही असा अहवाल गेला की यंत्र परत जाणार, आणि गावाच्या नशिबी तेच तळं राहणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागच्या व्हरांड्यात गेले, तर सासूबाई त्या डब्यांपाशी सहाण घेऊन बसलेल्या.

"आई, यातही उगाळता?"

"मंग? एवढं गढूळ पाणी, अन् तू हात घालते त्यात. म्हणून जरा जास्तच घालते मी."

मी उमाकांतना उठवून आणलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण ते आईशेजारी फरशीवर बसले.

"आई, निवळी थोडी असली की कण एकत्र येऊन मोठे गोळे होतात. ते पडद्यावर सैल बसतात, त्यांच्यामधून पाण्याला वाट मिळते. जास्त झाली की तिचा रस एकेका कणाला लपेटून टाकतो. मग कण एकमेकांना धरत नाहीत, आणि उरलेला रस पडद्याची भोकं बुजवतो. या डब्यांत नको घालूस."

"म्हणजे जास्त घातली की पाणी बिघडते?"

"हो."

सासूबाईंचा सहाणेवरचा हात थांबला. "तारीच्या पाण्यात मी मूठभर उगाळली होती रे, उमा. पूर होता न. थोडीनं काय होते, असं वाटलं मले."

दोनदा तपासल्याशिवाय कशालाही हो-नाही न म्हणणारे उमाकांत ताबडतोब म्हणाले, "नाही, आई. निवळीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. थोडीनं नाही आणि जास्तीनंही नाही. तुझ्या हातात काही नव्हतंच."

त्यांना आईच्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं. सासूबाई मात्र सहाणेकडे बघत राहिल्या.

"मंग इतकी वर्षं मी करत काय होती?"

मी आत जाऊन पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "आई, आपल्या पाण्यात उगाळायची राहिली आहे अजून," मी म्हटलं.

त्यांनी बी उचलली, सहाणेला टेकवली, आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "किती घालू?"