दहावी पास इंजिनियर

"अहो, इंजिनियर आहे माझा पोरगा! त्याला बादल्यांची झाकणं मोजायला बसवता?"

वडील गाळ्याच्या दारात उभे राहून ओरडत होते. त्यांच्या आवाजाचं काय सांगू? वाडीत केळीला पाणी सोडताना ते नुसते खोकले, तरी नालासोपाऱ्यातल्या बायका वादळ आलं समजून गॅलरीतले कपडे आत घेत. त्या दिवशी तर वसई पूर्वेचे सगळे कारखाने थांबले. साच्यातलं प्लास्टिक घट्ट व्हायचं सोडून ऐकत बसलं. खोटं वाटत असेल तर त्या दिवशी वाकडी निघालेली बादली दाखवतो.

मी टेबलाखाली शिरायच्या बेतात होतो. कारण सुपरवायझरला मी दहावी पास म्हणून सांगितलं होतं. इंजिनियर तो ठेवतच नसे. चार दिवस पंखा नाही म्हणून कुरकुरतात आणि पळतात, असं त्याचं म्हणणं. त्याआधी दोन वर्षं मी खरं शिक्षण सांगत हिंडलो. चर्चगेटपासून वापीपर्यंत असा एक वॉचमन उरला नसेल, ज्यानं मला पाणी पाजून परत पाठवलं नाही. खोटं बोललो आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. येत्या शनिवारी कायम करणार होते.

घरी मात्र मी 'ऑफिसात' होतो. माझ्या फीपायी वडिलांनी अर्धी वाडी बिल्डरला दिली. तिथं आता सात मजले उभे आहेत आणि आई पाहुण्यांना ती इमारत दाखवून "ही आमच्या पोराची डिग्री" म्हणते. अशा घरात झाकणांचं नाव कोण काढणार? शेजाऱ्यानं मला इथं पाहिलं आणि चुगली केली.

वडिलांना वाटलं, कंपनीला माझी किंमतच कळलेली नाही. घरची बोली बाजूला ठेवून त्यांनी भाषणाच्या मराठीत सगळं ऐकवलं: कॉलेज, फर्स्ट क्लास, वाडी. सुपरवायझरनं मला विचारलं, खरं का हे? मी मान डोलावली. उद्यापासून येऊ नकोस, म्हणाला.

मी वडिलांना बाजूला घेऊन, काय लपवलं आणि का, ते सांगितलं. त्यांचा आवाज कुठं गेला देव जाणे. ते परत सुपरवायझरपुढं गेले आणि त्यांनी हात जोडले.

"साहेब, बापाचं तोंड आहे, बढाई मारली. कसला इंजिनियर? दहावीच झालाय तो. ठेवा त्याला."

"दहावीवाले बाहेर उभे आहेत, काका."