आल्डिथच्या डुकरिणीचं शेपूट

आल्डिथ विधवा होती, तोंडाची फटकळ आणि हाताची चिकट. तिची सगळी मदार एका डुकरिणीवर. संत मार्टिनच्या सणाला ती कापायची, मांस खारवायचं आणि हिवाळाभर पुरवून खायचं, एवढाच बेत. आणि नेमकं ऐन पानगळीत डुकरिणीने अन्न सोडलं.

अशा वेळी गावात एकच उपाय. आजारी जीव दोऱ्याने मापायचा, त्या दोऱ्याची वात करून तेवढी लांब मेणबत्ती संत ब्रिनवाल्डच्या थडग्यापाशी लावायची. जिवंतपणी या संताचं शेत रानडुकरं उकरून देत, म्हणून डुकरांची दुखणी त्याच्याकडेच.

शेजारच्या वुल्मरने दोरा नाकावर धरला. “शेपटाच्या टोकापर्यंत घे गं.”

“शेपटाला काय धाड भरलीय? दुखतंय ते पोट!”

“संताशी घासाघीस करतेस?”

“मेण तुझ्या बापाच्या पोळ्यातलं आहे का?” म्हणत आल्डिथने दोरा ढुंगणापाशीच तोडला.

मेणबत्ती लागली. दुसऱ्या दिवशी डुकरीण उठली, कुंपण मोडून गेली आणि वुल्मरचा कोबी फस्त करून आली. फक्त तिचं एरवी मुरडलेलं शेपूट ओल्या सुतळीसारखं लोंबत होतं.

“जेवढ्याचं मेण दिलंस, तेवढंच बरं झालं बघ!” वुल्मर कोबीचं दुःख विसरून हसला.

गावभर बोभाटा झाला. बायका विहिरीवर एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. आल्डिथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तिने शेपूट मापलं. मुरडलेलं असताना दोन बोटांत भागलं असतं, आता चांगलं वीतभर भरलं. “मोठा हिशेबी आहेस रे बाबा,” ती संताला म्हणाली, वीतभर मेणबत्ती केली आणि डुकरिणीलाच ओढत चर्चमध्ये घेऊन गेली. वात पेटली, तसा भर प्रार्थनेत शेपटाने टुणकन वेढा घेतला. सगळे गुडघ्यांवर बसले, सर्वांत आधी वुल्मर.

सणाच्या दिवशी आल्डिथ सुरी परजून बाहेर आली, तर दारात गाव जमलेलं.

“अगं पापिणी,” वुल्मर ओरडला, “संताची डुकरीण कापतेस?”

सुरी परत घरात गेली. मग घराघरांत मांस शिजू लागलं आणि आल्डिथच्या चुलीवर नुसतं सलगमाचं पाणी. डुकरिणीपुढे मात्र लोक रोज सफरचंदं, पाव, चीज आणून ठेवत. आल्डिथला कुणी पावाचा तुकडाही देईना. शेवटी पोटापुढे लाज हरली. तिने डुकरिणीच्या नांदेपाशी बसकण मारली.

“सरक गं बाई जरा,” ती म्हणाली.