वंदनाचं पाणी पिणं

गडाच्या अर्ध्या वाटेवर माझी धाकटी जाऊ वंदना थांबली, बाटली तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायली आणि पुन्हा चालू लागली. मी दगडावर बसून नुसती बघत राहिले. माझं डोकं ठणकत होतं, पोटरीत गोळा आला होता. ती माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. तिचे पाय इतके हलके आणि माझेच का जड, म्हणून मी मनात जळत होते.

ती मागे आली. "ताई, सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

"दोन घोट."

"एवढ्या उन्हात?"

"मग जायची सोय कुठंय इथं?" मी हळू आवाजात म्हटलं.

"झुडपं आहेत की. मी दोनदा जाऊन आले."

किती सहज बोलली ती. शाळेच्या सहलीपासून घराबाहेर पडताना मी पाणी पिणं टाळत आले. एसटीत, लग्नकार्यात तहान सोसली आणि त्यालाच वळण समजले. माझ्या अंगात बळ कमी नव्हतं, पाणी कमी होतं. तिच्या पायांचा हेवा तिथंच संपला. तिच्या न लाजण्याचा सुरू झाला, आणि तो जास्त बोचला.

मी थोडं थोडं पाणी प्यायले, पण पोटरी काही सुटेना. शेवटी वंदना एकटीच वर गेली. बुरुजावरून तिनं ओढणी हलवली. मीही हात वर केला, पण मनापासून नाही.