शमूच्या कबरीची दिशा

शुभ शुक्रवारी दुपारी आमच्या चर्चमध्ये तीन तासांची उपासना चालू होती, तेव्हा मी नगरच्या फलाटावर बसून पिशवीची चेन नीट लागली आहे ना, हे तिसऱ्यांदा पाहत होते. चोरांची भीती होतीच, शिवाय त्या पिशवीत चर्चच्या मंडळीचं पत्र होतं. माझा धाकटा भाऊ शमुवेल, आमचा शमू, नऊ महिन्यांपूर्वी गोंदिया जिल्ह्यात वारला आणि तिथेच त्याला पुरलं. त्याचं दफन ख्रिस्ती रीतीने झालेलं नसेल, तर त्याला तिथून हलवून नगरच्या कबरस्तानात आईशेजारी ठेवायला मंडळीची हरकत नाही, असं त्या पत्रात लिहिलं होतं. बाकीच्या सरकारी परवानग्या मी मिळवणार होते. पस्तीस वर्षं शाळेत नोकरी केलेल्या बाईला अर्ज-विनंत्यांची भीती वाटत नाही.

शमू सालेकसा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक होता. तिथल्याच एका गोंड घरातल्या सुकवंताशी त्याने लग्न केलं. लग्नाआधी तिने बाप्तिस्मा घेतला, तिच्या माहेरच्यांनी आपला धर्म ठेवला. मी लग्नाला गेले, पोटभर जेवले, आणि हिने बाप्तिस्मा प्रभूसाठी घेतला की नवऱ्यासाठी, हा प्रश्न मनात ठेवून परत आले. पुढे रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत, बेचाळिसाव्या वर्षी, शमू दोन दिवसांच्या तापात गेला. तेव्हा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. गावाअलीकडच्या नाल्याला पूर होता, त्यामुळे गोंदियाचे पाळकसाहेबही पोहोचू शकले नाहीत.

नंतर कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला. मातीचा उंचवटा, एका टोकाला उभा दगड, भोवती विखुरलेले तांदळाचे दाणे. क्रूस कुठेच नव्हता. आमच्या मंडळीच्या पंचांनी चष्मा कपाळावर चढवून तो फोटो पाहिला आणि म्हणाले, ‘हे आपल्यातलं वाटत नाही.’ आमच्यात मृताचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात. प्रभू येईल त्या सकाळी माणूस उठून बसला की त्याचं तोंड उगवतीकडे असावं, एवढाच त्यामागचा भाव. सुकवंताला फोनवर विचारलं, ‘डोकं कुठल्या बाजूला आहे गं?’ तर ती म्हणायची, ‘सगळं बरोबर झालं ताई,’ आणि लगेच नगरकडच्या पावसाची चौकशी करायची. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. शमू गेल्यापासून माझ्या तोंडून प्रार्थना निघत नव्हती. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी त्याला वाढवला. रविवारी मी चर्चला जायची, गाण्याचं पुस्तक तोंडासमोर धरायची आणि नुसते ओठ हलवायची. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. राग देवाचा आला होता आणि काढायला भावजय सापडली होती, हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त कर्तव्याला निघाले होते.

गाडी रात्रभर आणि सकाळभर चालून गोंदियाला पोहोचली. स्टेशनाबाहेर पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री घालून देत होते. तेल कालचं असणार, असा अंदाज करून मी कोरडेच पोहे मागितले. ‘मॅडम, बिना तर्री के क्या मजा?’ म्हणत त्या माणसाने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मला स्वतःचीच कीव आली. कोरडे पोहे घशाखाली उतरत नव्हते. शेवटी तर्री मागून घेतली. चांगली होती.

तिथून पूर्वेकडची पॅसेंजर धरली. आमगाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (धानाचे लहान लहान वाफे) उघड्या पडलेल्या दिसायला लागल्या. मधेच एखादा हिरवागार तुकडा दिसे, तो उन्हाळी धानाचा. दूरवर टेकड्या होत्या. समोर बसलेला माणूस बराच वेळ माझ्या गळ्यातल्या साखळीच्या क्रूसाकडे बघत होता.

‘प्रचाराले आल्या का?’ त्याने विचारलं.

‘नाही. भावाकडे.’

‘भाऊ प्रचार करते का?’

‘भाऊ वारला.’

‘मंग कायले जाऊन राहिल्या?’

मी क्रूस पोलक्याच्या आत सारला आणि खिडकीबाहेर बघत बसले. नंतर मात्र मला लाज वाटली. भावाच्या कबरीवर क्रूस नाही म्हणून मी शेकडो मैलांवरून आले होते, आणि स्वतःचा लपवून बसले होते.

सालेकसा स्टेशनवर ऑटोवाल्याने सांगितलेलं भाडं जास्त आहे, असं ठरवून मी दुसऱ्या ऑटोत बसले. तो मला भलत्याच फाट्यावर उतरवून गेला. उन्हात अर्धा तास चालल्यावर गाव आलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण सुकवंताला विचारलेलं नाही.

ती दारातच उभी होती. वाळली होती. तिने माझे पाय धुतले, तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, ‘चालत काऊन आल्या? फोन केला असता तं काका गाडी घेऊन आला असता.’ मी टेकायच्या आतच म्हटलं, ‘आधी कबरीवर जाऊन येऊ.’

‘आज नोको ताई. उद्या सकाळी जाऊ.’

‘आज का नको?’

‘ऊन हाय. जेवा.’

ऊन तर चार वाजता उतरतंच. मी मनात नोंद केली. जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि भेदराची (टोमॅटोची) चटणी होती. ताटात एक काळपट लाडूही होता. तो मोहफुलांचा, म्हटल्यावर मी हात मागे घेतला. आमच्याकडे मोह म्हटलं की दारूच. ‘दारू नाई ताई, लाडू हाय,’ सुकवंता म्हणाली. मग तिने जेवणाआधीची प्रार्थना केली, मोठ्याने, तिच्या बोलीत. तिचे डोळे खरंच मिटलेले आहेत का, हे पाहण्यासाठी मी माझे उघडे ठेवले. मिटलेले होते. शमूने पाठ करून घेतली असेल, असं मी ठरवलं. लाडू मात्र खाल्ला. गोड आणि थोडा धुरकट लागला.

दुपारी ती विहिरीवर गेली तेव्हा मी शेजारच्या अंगणात गेले. तिथे तिचा काका उन्हात मोहफुलं पसरत होता. सगळे त्याला काकाजी म्हणत. सत्तरीचा, काटक माणूस. ‘जय सेवा,’ तो म्हणाला. मी नमस्कार केला आणि सरळ विषयाला हात घातला.

‘कबर कुणी खोदली?’

‘म्या खोदली.’

‘डोकं कुठल्या बाजूला ठेवलं?’

‘कायले पायजे तुमाले?’

‘मी बहीण आहे त्याची.’

‘बहीन हाय तं मातीले काऊन नाई आली?’

मी ऑपरेशनचं सांगितलं. त्याने आळीपाळीने माझे दोन्ही डोळे निरखले. पटल्यासारखं दिसलं नाही.

‘त्याले घेऊन जाले आल्या का?’ त्याने विचारलं.

पत्राबद्दल मी इथे कुणाशी अवाक्षर बोलले नव्हते. ‘नाही,’ मी म्हटलं. धडधडीत खोटं.

‘पाह्य बाई, पानी कंबरेपर्यंत होतं. गावातले आठ जन त्याले खांद्यावर घेऊन बांधीच्या चिखलातून गेले. आता उकरून नेलं तं ही पोरगी कोनाजवळ जाऊन बसन?’

‘तो ख्रिस्ती होता काकाजी.’

‘होता ना. म्या कोठी नाई म्हनलं?’

दिशेचं उत्तर त्याने दिलं नाही ते नाहीच. आता मला खात्रीच पटली की दोघं मिळून काहीतरी लपवतायत.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार. आमच्याकडे त्या दिवशी उजाडायच्या आत सगळी मंडळी कबरस्तानात जमते, मेणबत्त्या लावते आणि सूर्य वर येताना गाते. मला जाग आली तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. सुकवंताचं अंथरूण रिकामं होतं आणि कोपऱ्यातली टोपली गायब होती. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सकाळी बाई मोहफुलं वेचायला गेली! खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं. आपला संशय खरा ठरला की एक हलकट समाधान मिळतं. मी पत्राची पिशवी खांद्याला लावली आणि निघाले.

शिवारात जिकडेतिकडे माणसं होती. मोहाचं फूल पहाटे गळतं आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं, म्हणून घरंच्या घरं झाडांखाली ओणवी झालेली. हवेत त्या फुलांचा जड, गोड वास होता. एका म्हातारीला विचारलं, ‘सुकवंता कुठे?’ तिने धुऱ्याकडे (बांधाकडे) बोट केलं. ‘मास्तरच्या झाडाखाली.’

झाडाखाली सुकवंता होती, आणि कबरही तिथेच होती. ती कबरीभोवतीची फुलं वेचत होती. कबरीवर पडलेल्या फुलांना मात्र तिने हात लावला नव्हता. मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. तशी गरज नव्हती, कारण पूर्व समोर उजळत होती. उंचवटा दक्षिणोत्तर होता. दगड दक्षिणेच्या टोकाला. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला.

‘हे बरोबर झालं होय गं?’ मी ओरडले. आजूबाजूची माणसं वाकल्या जागी थांबली. ‘नऊ महिने मला फसवलंस. क्रूस कुठे आहे?’

‘क्रूसाले वाळवी लागली ताई. फोटोनंतर दोनदा लावला.’

‘आणि दिशा? तिलाही वाळवी लागली?’

तिने टोपली खाली ठेवली. ती रडली नाही. कबरीच्या दगडाशी बसली आणि मातीवर हात ठेवून म्हणाली, ‘खड्डा काकानं त्याईच्या रितीनं खोदला. पाऊस कोसळून राहिला होता, खड्डा भरून राहिला होता. दुसरा खोदा, असं कोनाले म्हनू? त्याईनं आपला मानूस समजून खोदला होता. मंग मी खड्ड्यात उतरली. तुमच्या भावाचं तोंड उगवतीकडं केलं. माह्या हातानं.’

मी होकायंत्र बंद केलं.

‘तोंड परत वरतं होऊ नाई म्हनून गालाखाली तांदळाची पोटली लावली,’ ती पुढे म्हणाली. ‘कपड्याची उशी दबते. तांदूळ पानी पिते, फुगते, घट्ट बसते. जागा सोडत नाई. हे जे दाने फोटोत दिसले तुमाले, ते पोटली बांधताना सांडले.’

‘मग फोनवर का नाही सांगितलंस? कालही का टाळलंस?’

‘तुमी म्हनलं असतं, अर्धंच केलं.’

म्हटलं असतंच. मी धुऱ्यावर बसले आणि नऊ महिन्यांचं रडू तिथे रडले. कंबरभर पाण्याच्या गावात, चिखलात उतरून, या बाईने मेलेल्या नवऱ्याचा गाल हातात धरून तो सूर्याच्या बाजूला वळवला होता, आणि मी पिशवीत त्याला उकरण्याचं पत्र घेऊन हिंडत होते. तेवढ्यात सूर्य वर आला. कबरीतल्या माणसाच्या उजव्या हाताला, तिने वळवलेल्या तोंडासमोर.

‘ताई, तुमी प्रार्थना म्हना,’ ती म्हणाली. ‘तुमी मोठ्या ख्रिस्ती घरच्या. मी इकडचं तिकडचं बोलतो.’ (इकडे बायकाही स्वतःबद्दल असंच ‘बोलतो’ म्हणतात.)

‘मला येत नाही,’ मी म्हटलं. ‘शमू गेल्यापासून येत नाही. मी नुसते ओठ हलवते.’ हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. ‘तुला राग नाही येत त्याचा?’

‘देवाचा? येते ना. रोज येते. फुलं वेचता वेचता भांडतो मी त्याच्यासंगं.’

‘आणि तरी प्रार्थना करतेस?’

‘तेच तं करतो. ज्याच्यावर भरवसाच नाई, त्याच्यासंगं कोनी कायले भांडन?’

मग तिने हात जोडले आणि पुनरुत्थानाच्या सकाळी देवाला धानाच्या, वाळवीच्या आणि एकटेपणाच्या गोष्टी सांगितल्या. मधेच आवाज चढला. मी या वेळी डोळे मिटले होते. शेवटी आम्ही दोघींनी ‘आमेन’ म्हटलं.

काकाजी जवळ येऊन उभा होता. ‘नेता का मंग?’

‘नाही काकाजी. इथेच राहू दे.’

‘पक्कं?’

‘पक्कं.’

त्याचा विश्वास बसला नाही. सोमवारी मला सालेकसा स्टेशनला सोडायला तो स्वतः मोटरसायकल घेऊन आला, आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभा राहून माझ्या पिशवीकडे बघत होता. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

नगरला पोहोचले त्या दुपारीच पंच घरी आले. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, ‘काय दिसलं? रीतीप्रमाणे आहे ना?’ मी म्हटलं, ‘खड्डा आडवा आहे. तोंड बरोबर आहे.’ ते गोंधळले. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते निघून गेले.

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसले. हात जोडावेत की नाही, हे ठरत नव्हतं, म्हणून मांडीवरच ठेवले. देव ऐकतो यावर माझा विश्वास बसला होता, असं म्हणणार नाही. पण गप्प राहून मी त्याला फार सोपं सोडलं होतं. मी मोठ्याने म्हटलं, ‘बेचाळीस हे काय वय आहे?’ आणि उत्तरासाठी थांबले.